इंजिन फिरतंय, पण स्पार्क नाही: जुन्या इंजेक्शनच्या पेट्रोल ट्रकचा दोष शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: १९८९ चा शेव्हरोले पिकअप ट्रक, ५.७ लिटरचं पेट्रोल व्ही-८ इंजिन, थ्रॉटल बॉडी इंजेक्शन (इंजिनाच्या हवेच्या तोंडाशी बसलेले इंजेक्टर). कुणी किल्ली बंद करावी तसा चालता चालता झटक्यात बंद पडला. आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन एकदाही पकडत नाही. प्लग काढून ब्लॉकला टेकवला तर स्पार्क नाही. कॉइल, डिस्ट्रिब्युटरची (प्लगना पाळीने स्पार्क वाटणाऱ्या भागाची) कॅप आणि आतला फिरता रोटर, प्लग आणि प्लगच्या वायरी बदलून झाल्या, फरक पडला नाही. मेकॅनिकच्या मते ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेलाय. तो मागवावा का?

मागवू नका. या गाडीत सेल्फ मारताना स्पार्क पाडायचं काम ईसीएमकडे नसतंच. तो पूर्ण मेलेला असला, तरी सेल्फवर स्पार्क दिसायला हवा. याची खात्री दोन मिनिटांत करता येते. डिस्ट्रिब्युटरमधून चार वायरींचा एक कपलर ईसीएमकडे जातो. तो काढून ठेवा आणि सेल्फ मारा. आता ईसीएमचा आणि स्पार्कचा काहीच संबंध उरलेला नाही. तरीही स्पार्क नसेल तर ईसीएम निर्दोष आहे, आणि दोष त्याच्या अलीकडे, फारच थोड्या वस्तूंमध्ये आहे. खात्री झाली की कपलर परत लावा, पुढच्या तपासणीला तो लागणार आहे.

हे असं का, ते नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी तपासणी यावरच चालते. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर आठ दातांचा लोखंडी तारा बसवलेला असतो. त्याच्याभोवती चुंबक आणि अगदी बारीक तारेचं वेटोळं असतं. ते वेटोळं म्हणजे पिकअप कॉइल. दात समोरून सरकले की वेटोळ्यात जरासं एसी व्होल्टेज तयार होतं आणि ते शेजारच्या इग्निशन मॉड्यूलमध्ये जातं. मॉड्यूल हा एक वेगवान स्विच आहे. तो इग्निशन कॉइलची निगेटिव्ह बाजू अर्थ करतो, प्रायमरीत, म्हणजे कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यात, करंट भरू देतो आणि ठरल्या क्षणी तोडतो. करंट तुटला की कॉइलमधलं चुंबकक्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीच्या, म्हणजे दुसऱ्या वेटोळ्याच्या, टोकाला हजारो व्होल्ट उभे राहतात. एवढ्या साखळीत ईसीएम कुठेही आला नाही.

मॉड्यूल आणखी एक काम करतं. पिकअपकडून आलेल्या त्याच इशाऱ्याची स्वच्छ, चौकोनी प्रत ते ईसीएमला पाठवतं. तिला रेफरन्स सिग्नल म्हणतात. इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळण्याचा हा एकच मार्ग. तो सिग्नल आला तरच ईसीएम इंजेक्टर उघडतो. इंजिन सुरू होऊन साधारण ४०० आरपीएमच्या वर गेलं की ईसीएम त्या चार वायरींपैकी बायपास नावाच्या वायरवर ५ व्होल्ट देतो आणि मग टायमिंग, म्हणजे स्पार्क कधी पाडायचा ते, स्वतःकडे घेतो. त्याआधी मॉड्यूल एकटंच सगळं पाहतं.

यातून तपासणीचा पहिला फाटा मिळतो, आणि माझ्या मते पहिल्या तासात यापेक्षा मोलाची दुसरी माहिती मिळत नाही: स्पार्क नसताना इंजेक्टर चालतात का? तुमच्या गाडीत ते डोळ्यांनी दिसतं. एअर क्लीनर काढा, थ्रॉटल बॉडीच्या माथ्यावर दोन इंजेक्टर शेजारी शेजारी बसलेले दिसतील. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा, अॅक्सिलरेटरला पाय लावू द्यायचा नाही. इंजेक्टर चालत असतील तर खाली थ्रॉटलच्या पात्यांवर पेट्रोलचा शंकूसारखा फवारा पडताना दिसेल. तोंड बाजूला ठेवा, उघडी स्पार्क वायर त्या भागात ठेवू नका, आणि तीन-चार सेकंदांत थांबा. याहून सुरक्षित मार्ग म्हणजे नॉइड लाइट. इंजेक्टरचा कपलर काढून त्यात हा छोटा दिवा खोचायचा आणि सेल्फवर तो लुकलुकतो का पाहायचं. पेट्रोल उडत नाही, इंजिनही ओलं होत नाही. पाय लावू नका म्हटलं त्यालाही कारण आहे: अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंजिन फ्लड झालंय (आत पेट्रोल जास्त झालंय) असं समजून ईसीएम पेट्रोल जवळजवळ बंद करतो, आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढून बसता.

पंपाचा आवाज मात्र पुरावा धरू नका. किल्ली ऑन केली की ईसीएम पंप दोन सेकंद चालवतोच, आणि या गाड्यांमध्ये ऑइल प्रेशर स्विचमधूनही पंपाला वेगळा करंट मिळू शकतो. पंप घुमतोय म्हणजे रेफरन्स सिग्नल येतोय, असं होत नाही.

फवारा पडतो आणि स्पार्क नाही, याचा अर्थ डिस्ट्रिब्युटर फिरतोय, पिकअप कॉइल जिवंत आहे, मॉड्यूलला करंट मिळतोय आणि त्याचा निम्मा भाग काम करतोय. मग दोष कॉइलच्या आसपास: कॉइलला येणारा करंट, खुद्द कॉइल, मॉड्यूलचा कॉइल तोडणारा भाग, मधली वायर, कॅप, रोटर. फवारा नाही आणि स्पार्कही नाही, तर दोष दोघांच्या सामाईक मुळाशी: पिकअप, मॉड्यूल, त्यांना येणारा करंट, किंवा डिस्ट्रिब्युटर फिरतच नाही. चालता चालता झटक्यात बंद पडलेल्या गाडीत बहुतेक वेळा दुसरी परिस्थिती निघते. तुम्ही आजवर बदललेल्या सगळ्या वस्तू पहिल्या परिस्थितीतल्या आहेत.

आता तपासणीकडे. सगळ्यात आधी बॅटरी. स्थिर अवस्थेत १२.६ व्होल्टच्या आसपास हवी आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. सेल्फ जोरात फिरतोय असं कानाला वाटतं, पण त्याच वेळी इग्निशनला साडेआठच व्होल्ट मिळत असतील तर स्पार्क मरतो. बॅटरी सतत सेल्फ मारून उतरलेली असेल तर पुढची सगळी रीडिंग्ज फसवी येतात, म्हणून चार्जर लावूनच काम करा.

मग स्पार्क पाहण्याची पद्धत. प्लग ब्लॉकला टेकवून पाहणं मला मान्य नाही. मोकळ्या हवेत प्लगच्या फटीतून ठिणगी उडायला फार थोडं व्होल्टेज लागतं, सिलिंडरमध्ये दाबाखाली कितीतरी जास्त लागतं. त्यामुळे मरतुकडा स्पार्कही प्लगवर दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. शिवाय प्लगची अर्थ नीट टेकली नाही तर चांगला स्पार्कही दिसत नाही. या इग्निशनसाठी मिळणारा, क्लिप असलेला रुंद फटीचा स्पार्क टेस्टर घ्या. त्याला साधारण २५,००० व्होल्ट लागतात. क्लिप इंजिनच्या स्वच्छ धातूला लावा आणि टेस्टर आधी थेट कॉइलच्या वायरवर लावा, प्लगच्या वायरवर नंतर. कॉइलवर निळसर-पांढरा, तडतडणारा स्पार्क आहे आणि प्लगवर नाही, तर प्रश्न कॅप आणि रोटरमध्ये संपला. कॉइलवरच नाही, तर कॅप-रोटर विसरा.

इथे एक कळकळीची सूचना. कॉइलची वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. स्पार्कला वाट मिळाली नाही की व्होल्टेज चढत जातं आणि ते कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून किंवा मॉड्यूलमधून वाट काढतं. एक दोष शोधताना दुसरा तयार होतो. आणि वायर हातात धरून पाहण्याचा प्रकार तर अजिबात नको, जुन्या पॉइंटच्या इग्निशनपेक्षा ही बरीच जोरकस आहे.

रोटर नवा टाकलाय म्हणता, तरी काढून उलटा करून पाहा. रोटरच्या पोटात, दांडा बसतो त्या खाचेत, टाचणीच्या टोकाएवढा काळा डाग दिसला तर स्पार्क रोटरला भोक पाडून थेट दांड्यातून अर्थ होतोय. कॅपच्या मधली कार्बनची गोळी जागेवर आहे का, स्प्रिंगवर खालीवर होते का, तेही बघून घ्या.

यानंतर कॉइलचा पॉझिटिव्ह. किल्ली ऑन करून मीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले, की बहुतेक जण पुढे जातात. इथेच दोन चुका होतात. पहिली चूक: सेल्फ मारताना मोजायचं राहतं. इग्निशन स्विचमध्ये रन आणि स्टार्ट या दोन वेगळ्या जागा आहेत. स्टार्टच्या जागी संपर्क जळलेला असेल तर किल्ली ऑन असताना १२ व्होल्ट, आणि सेल्फ मारला की शून्य. अशा गाडीची खूण म्हणजे किल्ली सोडता सोडता इंजिन एखादा झटका देतं, कारण त्या क्षणी इंजिन अजून फिरत असतं आणि करंट परत आलेला असतो. उलट सेल्फवर पकडून किल्ली सोडताच बंद होत असेल, तर रनची बाजू तपासा.

दुसरी चूक: मीटरवर विसंबणं. डिजिटल मीटर जवळजवळ काहीच करंट घेत नाही. गंजून एकच तार उरलेली वायरसुद्धा मीटरला १२ व्होल्ट दाखवते, आणि कॉइलने पाच-सहा अँपिअर मागितले की कोसळते. म्हणून तिथे हेडलाइटचा बल्ब जोडून पाहा. बल्ब बॅटरीवर जितका लखलखीत लागतो तितकाच कॉइलच्या वायरवर लागला पाहिजे. पिवळट लागला तर वायर, कपलर किंवा स्विचमध्ये दोष आहे. या गाड्यांत इग्निशनची ही वायर बहुधा गुलाबी असते. इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टीही अशीच भाराखाली तपासा: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी डिस्ट्रिब्युटरच्या धातूला, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसलं तर अर्थ साफ करा.

पॉझिटिव्ह ठीक असेल तर निगेटिव्ह. साधा टेस्ट लॅम्प, क्लिप अर्थला, टोक कॉइलच्या निगेटिव्हला. किल्ली ऑन करा, दिवा लागेल, कारण करंट प्रायमरीतून येतोय. आता सेल्फ मारा. दिवा फडफडला तर मॉड्यूल कॉइल तोडतंय, आणि तरी स्पार्क नसेल तर कॉइलच सदोष आहे, नवी असली तरी. दिवा एकसारखा लागून राहिला तर मॉड्यूल तोडत नाही, म्हणजे एक तर मॉड्यूल गेलंय किंवा त्याला पिकअपकडून इशाराच येत नाही. दिवा मुळात लागलाच नाही, तर प्रायमरी तुटली आहे किंवा निगेटिव्हची वायर कुठेतरी अर्थ झाली आहे. या शेवटच्या बाबतीत डॅशबोर्डच्या टॅकोमीटरला जाणारी वायर कॉइलपासून सोडवून पाहायला विसरू नका. ती फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) आत जाताना पत्र्याला घासून सोलली की कॉइलची निगेटिव्ह कायमची अर्थ होते आणि स्पार्क बंद. मागाहून बसवलेले चोरीचे अलार्मही कॉइलच्या याच पॉझिटिव्ह-निगेटिव्ह वायरींवर बसतात. डॅशखाली टेप गुंडाळलेला जोड दिसला तर आधी तो उघडा.

कॉइलचे ओहम मोजायचे तर प्रायमरी १ ओहमच्या आत, सेकंडरी साधारण ६,००० ते ३०,००० च्या दरम्यान, आणि कुठल्याही टोकापासून कॉइलच्या लोखंडी चौकटीला काहीच नाही. प्रायमरी मोजण्यापूर्वी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावून त्यांचाच रेझिस्टन्स बघून घ्या आणि तो वजा करा, नाहीतर अर्ध्या ओहमच्या वस्तूत तेवढीच चूक येते.

आता पिकअप कॉइल, जिथे मला तुमच्या गाडीचा दोष दिसतोय. कॅप आणि रोटर काढा. पिकअपच्या दोन बारीक वायरी मॉड्यूलला एका छोट्या कपलरने लागतात, तो हळूच काढा. जुनं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं, म्हणून आधी इंजिन कोमट असू द्या. दोन वायरींमध्ये ५०० ते १,५०० ओहम यायला हवेत, आणि कुठल्याही एका वायरपासून डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला काहीच येता कामा नये. रीडिंग आलं की पिना काढू नका. त्या तशाच धरून वायरी हलवा, वाकवा, हलकेच ओढा.

हे वाकवायचं आणि ओढायचं मी का सांगतोय त्याला एक अनुभव आहे. माझ्याकडे एक जुना ट्रक आला होता, त्यात मॉड्यूल दोनदा बदललेलं, कॉइल नवी, ईसीएमही दुसरा बसवलेला. गाडी सकाळी सुरू व्हायची आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मरायची. तासाभराने परत सुरू. पिकअपचं रीडिंग ९०० ओहम, अगदी मधोमध. मी ते पाहून पिकअप सोडून दिलं आणि दोन दिवस वायरिंग उकलत बसलो. तिसऱ्या दिवशी परत कॅप काढून हिरवी वायर चिमटीत धरून ओढली, तर ती रबरासारखी ताणली गेली. आतला तांब्याचा धागा तुटलेला, वरचं इन्सुलेशन मात्र शाबूत. थंड असताना दोन टोकं एकमेकांना टेकायची, गरम झाली की सरकायची. तांबं असलेली वायर ताणली जात नाही. त्या दिवसापासून मी कुठल्याही संशयित वायरला आधी ओढून बघतो, मीटर नंतर.

ओहम बरोबर असले तरी पिकअप पास झालं असं समजू नका. मीटर एसी व्होल्टवर टाका, त्याच दोन वायरींना लावा आणि सेल्फ मारा. अर्धा व्होल्ट तरी दिसला पाहिजे. ओहम बरोबर आणि व्होल्टेज नाही, याचा अर्थ वेटोळं ठीक आहे पण चुंबक किंवा दात काम करत नाहीत. चुंबकाला तडा गेलेला असतो, दातांच्या खालून गंजाचा लाल भुसा साचलेला असतो, किंवा दांड्याच्या बुशिंग झिजल्याने फट कमीजास्त होत असते. रोटरचा दांडा बाजूला हलवून पाहा. हाताला खडखड जाणवली तर नुसतं पिकअप बदलून भागणार नाही, डिस्ट्रिब्युटरच बदलावा लागेल.

दांडा फिरतोच आहे ना, हे कॅप काढल्या काढल्या पाहायचं. सेल्फ मारला आणि दांडा जागचा हलला नाही, तर एक तर टायमिंग चेन तुटली आहे किंवा डिस्ट्रिब्युटरच्या गिअरमधली पिन कापली गेली आहे. चेन तुटली असेल तर कान सांगतो: इंजिन नेहमीच्या लयीत धापा टाकत फिरत नाही, शिवणयंत्रासारखं सरसर फिरतं, कारण कॉम्प्रेशनच उरलेलं नसतं. आणखी एक खूण या व्ही-८ इंजिनाची स्वतःची आहे. ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या खालच्या टोकावरच चालतो. दांडा थांबला की पंपही थांबतो, आणि सेल्फ कितीही मारला तरी ऑइल प्रेशरचा काटा उठत नाही. असं दिसलं तर सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा.

पिकअप ठीक निघालं तर मॉड्यूल. त्याची एक जुनी, खात्रीची परीक्षा आहे. पिकअपचा कपलर काढलेलाच ठेवा. कॉइलच्या वायरवर स्पार्क टेस्टर, क्लिप अर्थला. किल्ली ऑन. टेस्ट लॅम्पची क्लिप या वेळी बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, आणि टोक मॉड्यूलच्या पिकअप बाजूच्या ‘पी’ अक्षराच्या पिनला क्षणभर टेकवून उचला. लॅम्पमधून जाणारा तो करंट मॉड्यूलला दात आल्यासारखा वाटतो. ते कॉइल अर्थ करतं, आणि टोक उचललं की तोडतं. उचलताना टेस्टरवर फट्कन स्पार्क पडला तर मॉड्यूल आणि कॉइल दोन्ही चांगली आहेत आणि दोष पिकअपमध्ये. पडला नाही, आणि कॉइल व तिचा करंट आधीच तपासून झाला असेल, तर मॉड्यूल. टोक पाच सेकंदांपेक्षा जास्त टेकवून ठेवू नका, कॉइल आणि मॉड्यूल तापतात. इंजिन फिरवायची गरज नाही, दुसऱ्या माणसाचीही नाही.

मॉड्यूल बदलायची वेळ आली तर त्याच्या पाठीला लावायची पांढरी उष्णतावाहक पेस्ट लावल्याशिवाय बसवू नका. मॉड्यूल आपली उष्णता डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीत सोडतं, दोघांमध्ये हवेचा पातळ थर राहिला तरी ते भाजतं. खालची जागा आधी घासून चकचकीत करा, पेस्ट पातळ आणि सगळीकडे. ‘नवं मॉड्यूल दोन महिन्यांत गेलं’ असं ऐकलं की मी पहिल्यांदा ते काढून पाठ बघतो, आणि ती बहुतेक वेळा कोरडी असते.

पिकअप कॉइल बदलायला डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून दांड्याची पिन ठोकून काढावी लागते. काढण्यापूर्वी रोटरचं तोंड कुठे आहे त्याची रंगाने खूण बॉडीवर आणि फायरवॉलवर करा, डिस्ट्रिब्युटर इंटेकवर (इंजिनात हवा नेणाऱ्या ओतीव भागावर) जिथे बसतो तिथेही एक रेघ मारा. गिअरचे दात तिरके असल्यामुळे डिस्ट्रिब्युटर वर उचलताना रोटर थोडा फिरतो, तिथे दुसरी खूण करा. बसवताना या दुसऱ्या खुणेपासून सुरुवात केली की तो बरोबर पहिल्या खुणेवर जाऊन थांबतो. शेवटचा अर्धा सेंटिमीटर खाली जात नसेल तर ठोकू नका. खाली ऑइल पंपाच्या दांड्याची खाच जुळलेली नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरने तो दांडा जरासा फिरवा. आणि डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना सेल्फ मारू नका, खुणांना अर्थच उरत नाही. इंजिन सुरू झाल्यावर टायमिंग लाइटने तपासा. त्या वेळी बायपासची काळ्या पट्टीची फिकट तपकिरी वायर तिच्या कपलरमध्ये वेगळी करायची असते, नाहीतर ईसीएम टायमिंग हलवत राहतो आणि तुम्ही डिस्ट्रिब्युटर. अंश किती, ते बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर आहे.

सगळ्या परीक्षांच्या वेळी स्पार्क हजर असेल आणि रस्त्यावर गाडी मरत असेल, तर उष्णतेने प्रश्न विचारा. हेअर ड्रायरने मॉड्यूल तापवा, पाच-दहा मिनिटं, हाताला चटका बसेल इतकं. मग पिकअप वेगळं तापवा. ज्याला तापवल्यावर स्पार्क जातो आणि गार केल्यावर परत येतो, तो दोषी. दोन्ही एकदम तापवू नका.

ईसीएमला न्याय द्यायचा तर त्याचीही एक परीक्षा घ्या. किल्ली ऑन केल्यावर डॅशवरचा ‘सर्व्हिस इंजिन सून’ दिवा लागतो का? लागत नसेल तर बल्ब, फ्यूज आणि ईसीएमची अर्थ पाहा. लागत असेल तर डॅशखालच्या तपासणी कपलरच्या ‘ए’ आणि ‘बी’ पिना तारेच्या तुकड्याने जोडून किल्ली ऑन करा. दिवा एकदा, थांबून दोनदा, असा लुकलुकला की तो कोड १२. इंजिन बंद असताना तो यायलाच हवा, त्याचा अर्थ रेफरन्स सिग्नल नाही एवढाच, आणि ईसीएम शुद्धीवर आहे हे त्यातून कळतं. कोड ४२ आला तर डिस्ट्रिब्युटर ते ईसीएम या टायमिंगच्या वायरी बघा, पण सेल्फवर स्पार्क नसण्याचं ते कारण नव्हे.

कुणी हे वाचून दुसऱ्या बनावटीच्या ट्रकवर वापरणार असेल तर थोडं सावध करतो. १९८० च्या दशकातल्या आणि १९९० च्या सुरुवातीच्या फोर्डमध्ये पिकअपच्या जागी हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) असतो. त्याचे ओहम मोजून काही कळत नाही. एलईडी टेस्टर लावून इंजिन हाताने फिरवायचं आणि इशारा चालू-बंद होतो का ते पाहायचं. तिथे ‘स्पाउट’ नावाचा छोटा कपलर असतो. तो काढून सेल्फ मारल्यावर स्पार्क आला तर दोष ईसीएमकडून येणाऱ्या वायरीत किंवा ईसीएममध्ये, म्हणजे तुमच्या चार वायरींच्या कपलरचीच ही बहीण. डिस्ट्रिब्युटरला चिकटलेलं मॉड्यूल काढायला पातळ भिंतीचा ५.५ मिलिमीटरचा सॉकेट लागतो, साधा आत शिरत नाही.

१९९२ नंतरच्या डॉजच्या ५.२ आणि ५.९ लिटर मॅग्नम इंजिनांत मॉड्यूल वेगळं नाहीच, कॉम्प्युटर कॉइल थेट चालवतो आणि कॉइल व इंजेक्टरना करंट ऑटो शटडाऊन रिलेमधून येतो. किल्ली ऑन केली की तो रिले क्षणभर लागून सुटतो, आणि क्रँक सेन्सरकडून इशारा आला तरच परत लागतो. त्यामुळे तिथे कॉइलचा पॉझिटिव्ह फक्त सेल्फ मारतानाच मोजायचा. करंट नसेल तर इंजिनाच्या मागे, बेल हाउसिंगवरच्या (गिअरबॉक्स जोडतो त्या कवचावरच्या) क्रँक सेन्सरकडे आधी जा.

टोयोटाच्या २२आरई इंजिनात तर माझा पहिला फाटाच बदलतो. तिथला इग्नायटर (म्हणजे आपलं मॉड्यूल) प्रत्येक स्पार्कनंतर ईसीयूला (तिथल्या कॉम्प्युटरला) पोच देतो, आणि ती पोच मिळाली नाही तर ईसीयू पेट्रोलही बंद करतो. म्हणून तिथे ‘फवारा नाही, स्पार्क नाही’ याचा अर्थ पिकअप गेलं असा काढता येत नाही, कॉइल किंवा इग्नायटर गेला तरी तेच दिसतं.

तुमच्या ट्रकसाठी आत्ता तीन गोष्टी करून मला आकडे कळवा: सेल्फवर नॉइड लाइट लुकलुकतो का, वायरी ओढताना पिकअपचे ओहम किती राहतात, आणि ‘पी’ पिनवरून लॅम्पचं टोक उचलताना स्पार्क पडतो का. तोवर एकही नवी वस्तू मागवू नका, आणि काढलेली जुनी कॉइल टाकून देऊ नका, ती बहुतेक चांगलीच असणार.